कुलाब्याची सुई, अलिबागचा दगड आणि पनवेलचा संगणक

अब्बा हजहून परतले तेव्हा त्यांनी एक जानमाज आणली होती. तिच्या वरच्या कोपऱ्यात बोराएवढे होकायंत्र बसवलेले होते. नेरूळच्या घरात ती अंथरली की मोठी गंमत व्हायची. खिडकीपाशी सुई एक दिशा दाखवी, लोखंडी कपाटाजवळ दुसरी आणि सिमेंटच्या खांबाला टेकवली तर तिसरीच. मुंबईहून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेला येतो, हे अब्बांना पाठ होते. दोन दिवस त्यांनी सुईचा नाद केला, मग मशिदीच्या भिंतीची दिशा धरून जानमाज कायमची एका जागी अंथरली. सुई बिचारी खोटे बोलत नव्हती. खांबातल्या सळया, कपाटाचा पत्रा आणि पृथ्वी या सगळ्यांचे ती एकदम ऐकत होती, एवढेच.

सुई आणि किब्ला यांचे नाते जुने आहे. बैलक अल-किब्जाकी या लेखकाने १२८२ मध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या चुंबकसुईचे वर्णन केले आणि हिंदी महासागरातले नाखवा लोखंडाची पोकळ मासोळी वापरतात असेही नोंदवले. त्याच शतकाच्या अखेरीस येमेनच्या रसूली घराण्यातील सुलतान अल-अशरफ उमर याने किब्ला शोधण्यासाठी सुई कशी वापरावी हे लिहून ठेवले. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर ये-जा करणाऱ्या अरब आणि कोकणी खलाशांना ही वस्तू नवी नव्हती. पण सुई कोणत्या दिशेला वळते हे पाहणे वेगळे; ती किती जोराने वळते, काल किती होती, आज किती आहे, याचा रोज हिशेब ठेवणे वेगळे. हा दुसरा उद्योग मुंबईत १८४१ साली सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. त्याचे मुख्यालय आता नवी मुंबईत आहे.

कळंबोलीच्या महामार्गाने नवीन पनवेलकडे जाताना भारतीय भूचुंबकत्व संस्थेची पाटी दिसते. इंग्रजीत तिला ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ जिओमॅग्नेटिझम’ म्हणतात. रस्त्यापलीकडे थोड्या अंतरावर कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार. पृथ्वीचे नाजूक चुंबकत्व अभ्यासणारी देशाची संस्था आणि लोखंडाची एवढी मोठी बाजारपेठ अशी शेजारी नांदतात. अर्थात मोजणी इथे होत नाही. ती होते अलिबागला, नागपूरला, जयपूरला, विशाखापट्टणमला, तिरुनेलवेलीला, सिलचरला. अशा डझनभर वेधशाळांतली वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या देशांत बनलेली यंत्रे जे काही बोलतात, ते एका भाषेत आणण्याचे काम पनवेलला चालते. आजच्या शब्दांत सांगायचे तर भिन्न जातीचे हार्डवेअर आणि मोजमापाचे सॉफ्टवेअर यांचा मेळ घालणे.

हा विषय इंजिनिअरांचा वाटतो. माझा दावा असा की तो इतिहासाचाही आहे, आणि त्याचे सर्वांत चांगले उदाहरण संगणक येण्याच्या कितीतरी आधी याच किनाऱ्यावर घडले.

कुलाब्याची नोकरी

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा बांधली ती खगोल आणि वेळेसाठी. बंदरातल्या जहाजांची घड्याळे लावून देणे हे तिचे मुख्य काम. त्याच सुमारास युरोपात हम्बोल्ट आणि गाउस यांनी एक कल्पना मांडली होती: पृथ्वीचे चुंबकत्व समजायचे तर जगभर एकाच क्षणी मोजणी झाली पाहिजे. त्यासाठी जर्मनीतल्या गॉटिंगेन गावाची वेळ प्रमाण धरून ठिकठिकाणचे निरीक्षक ठरलेल्या दिवशी सुया पाहत बसत. ब्रिटिशांनी या मोहिमेत उडी घेतली आणि मद्रास, सिमला, सिंगापूर यांच्याबरोबर कुलाब्यालाही चुंबकमापन सुरू झाले. प्रमुख होते एल्फिन्स्टनचे प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार.

यंत्रे डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातली. टांगलेला चुंबक, त्याला आरसा, समोर मोजपट्टी, आणि दुर्बिणीला डोळा लावून आकडा वाचणारा माणूस. दर तासाला, रात्रंदिवस. हे काम करणारे सहायक बहुतेक देशी होते. त्यांतला एक तरुण पुढे फार मोठा झाला: केरो लक्ष्मण छत्रे. केरूनाना म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून तर नक्कीच. त्यांनी कोवळ्या वयात कुलाब्याला नोकरी धरली आणि सुमारे दहा वर्षे तिथे काढली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ या वेधशाळेचे काम पाहिले होते. जांभेकरांचे पुतळे आहेत, पत्रकार दिन आहे. त्यांच्या चरित्रात ही वेधशाळा मात्र एका ओळीत उरकली जाते. गडकिल्ल्यांच्या एकेका बुरुजावरून आपण हातघाईवर येतो, पण दर तासाला उठून आकडा लिहिणाऱ्या हातांना आपल्या इतिहासलेखनात जागा नाही. मला हे खटकते.

त्या हातांनी काय केले हे १८५९ साली दिसले. १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन याने सूर्यावर एक तेजस्वी स्फोट पाहिला. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळले. युरोप-अमेरिकेतल्या तारयंत्रांच्या तारांतून ठिणग्या उडाल्या. अनेक वेधशाळांची यंत्रे पट्टीच्या बाहेर गेली. कुलाब्याला तेव्हा इंडियन नेव्हीचे फर्ग्युसन प्रमुख होते. तिथे नियम असा की खळबळ दिसली की तासाची वाट न पाहता दर पंधरा मिनिटांनी, गरज पडली तर त्याहूनही लवकर वाचन करायचे. २ सप्टेंबरच्या दुपारच्या सुमारास चुंबकक्षेत्राचा आडवा घटक कोसळला. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय सहकाऱ्यांनी त्या जुन्या नोंदी आजच्या एककांत मांडल्या, तेव्हा ही घसरण १६०० नॅनोटेस्लांच्या घरात निघाली. इथला आडवा घटक एकूण ३८ हजारांच्या आसपास असतो आणि शांत दिवशी तो काही दशकांनीच हलतो. तीनशे-चारशेची घसरण म्हणजे आपल्या काळातले भीषण वादळ. १६०० चा अंदाज यावरून यावा.

हा आकडा खरा होता का, यावर अजून वाद आहे. तासाची सरासरी धरली तर घसरण बरीच कमी, हजाराच्या आतबाहेर येते. वादाचे मूळ साधे आहे: एक यंत्र, एक जागा आणि ताडून पाहायला दुसरे काही नाही.

ट्राम आली, दगड बदलला

१८७० च्या दशकाच्या सुरुवातीला डोळ्याची जागा फोटोने घेतली. चुंबकावरच्या आरशावर दिव्याचा झोत पाडायचा, तो परावर्तित होऊन फिरत्या रोळावरच्या प्रकाशसंवेदी कागदावर पडायचा, आणि दिवसभराची रेघ उमटायची. तासातासांमधली पोकळी भरली. चार्ल्स चेंबर्स यांच्या कारकिर्दीतला हा मोठा बदल.

पण इथेच पहिला सांधा आला. डोळ्याने वाचलेला आकडा आणि कागदावरची रेघ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. रेघ फक्त चढ-उतार सांगते. मूळ पातळी कोणती हे तिला ठाऊक नसते. मुंबईच्या उकाड्यात चुंबक ढिला पडतो, कागद आकसतो. म्हणून ठराविक दिवसांनी वेगळ्या यंत्राने निरपेक्ष मोजणी करायची आणि तिच्यावरून त्या रेघेची पायारेषा ठरवायची. सॉफ्टवेअरवाले जिला ‘बेसलाइन’ म्हणतात ती हीच. तेव्हा ती माणूस कागदावर काढत असे.

१८९६ मध्ये नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. जन्म १८५९ चा, त्या वादळाच्याच वर्षीचा. त्यांच्या वाट्याला वादळ आले ते शहराचे. १८७४ पासून मुंबईत घोड्यांची ट्राम होती; आता विजेची येणार होती. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपतो आणि कुलाब्याच्या सुया दिवसभर ट्रामचेच वेळापत्रक सांगत बसल्या असत्या. मूस यांनी जागा बदलायचे ठरवले. सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेला, खाडीपलीकडचे अलिबाग निवडले गेले.

आता दगडाची गंमत. आपला सह्याद्री काळ्या फत्तराचा. बेसाल्टच तो, आणि त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. ज्या दगडाने रायगड बांधला, तो दगड चुंबकमापनाच्या खोलीला चालणार नव्हता. म्हणून काठेवाडातून पोरबंदरचा दगड आणला. खिळे, बिजागऱ्या, कड्या पितळ-तांब्याच्या; बाकी लाकूड. लोखंडाचा एक चुकार खिळाही आत राहू द्यायचा नव्हता. भिंती दुहेरी केल्या, कारण आतले तापमान दिवसभरात हलता कामा नये. अब्बांच्या सुईला जे सुख नेरूळमध्ये मिळाले नाही, ते अलिबागच्या सुईला १९०४ मध्ये मिळाले.

मूस यांचे खरे मोठेपण मात्र दगडात नाही. नवी वेधशाळा तयार झाल्यावर त्यांनी कुलाबा बंद केले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालवली. जागा वेगळी, यंत्रे वेगळी, जमिनीखालचा खडक वेगळा, त्यामुळे दोन्हींचे आकडे जुळणार नव्हतेच. ते न जुळणे किती आणि कसे आहे, सर्व ऋतूंत तेवढेच राहते का, हे त्यांना हवे होते. तो फरक हातात आल्यावर जुनी मालिका नव्या मालिकेला शिवता आली. मग ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली आणि कुलाब्याच्या सुया निवृत्त झाल्या. पुढे १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचे दोन खंड प्रसिद्ध केले. आजही संशोधक त्या खंडांकडे परततात.

याच दोन वर्षांत आणखी एक घोळ झाला. १ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाण वेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे होती, आणि मुंबईकरांनी हा बदल दशकानुदशके मनापासून स्वीकारला नाही. त्यात जागतिक मोहिमेची गॉटिंगेनची वेळ होतीच. ‘सकाळी दहाची नोंद’ म्हणजे नेमकी कधीची, हे ज्याला माहीत नाही त्याने त्या वहीला हात लावू नये. एककांचेही तसेच. सुरुवातीचे आकडे फूट-ग्रेन-सेकंद या ब्रिटिश पद्धतीत, मग गाउसच्या पद्धतीत, मग गॅमा आणि आता नॅनोटेस्ला. जुन्या ब्रिटिश एककातले एक म्हणजे आजचे सुमारे ४६११ नॅनोटेस्ला. दशांश चिन्हानंतरचा एक आकडा चुकला तरी अख्खे वादळ तयार होते किंवा नाहीसे होते.

भाषा एक, अर्थ अनेक

स्वातंत्र्यानंतर हे काम हवामान खात्याकडे होते. १९७१ मध्ये भूचुंबकत्वाची स्वायत्त संस्था झाली. वेधशाळा वाढल्या आणि त्याबरोबर यंत्रांच्या जातीही. फोटोच्या कागदावर चालणारी डॅनिश ला कूर पद्धतीची आणि रशियन इझमिरान यंत्रे भारतातल्या वेधशाळांत दीर्घकाळ राबली. त्यांच्या शेजारी मग इलेक्ट्रॉनिक फ्लक्सगेट आले, प्रोटॉन मॅग्नेटोमीटर आले.

जगभरच्या प्रयोगशाळांना हीच डोकेदुखी होती. प्रत्येक कंपनीचे यंत्र आपल्याच बोलीत बोलणारे. ह्यूलेट-पॅकार्डने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात यंत्रे एका केबलवर जोडण्याची पद्धत काढली. १९७५ मध्ये ती आयईईई-४८८ नावाने सर्वांचे मानक झाली. १९८६ मध्ये लॅबव्ह्यू आले. पडद्यावर चौकोन जोडून मोजमापाचा प्रोग्रॅम तयार करण्याची सोय. १९९० मध्ये यंत्रांना द्यायच्या आज्ञांचीही एक सामायिक भाषा ठरली. केबल जुळली, भाषा जुळली. लोकांना वाटले प्रश्न सुटला.

माझा भाचा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका प्रयोगशाळेत यंत्रे जोडण्याचे काम करत होता. तो सांगतो, “मामू, तीन कंपन्यांचे तीन तापमापक लावले होते. सॉफ्टवेअरने तिघांची सरासरी काढली, पडद्यावर छान हिरवा आकडा. एक तापमापक दोन अंशांनी चुकतोय हे आठ महिने कुणाला कळले नाही.” यंत्रे एका भाषेत बोलू लागली म्हणजे ती एकच गोष्ट सांगताहेत असे नव्हे. मूस यांना हे १९०४ मध्ये कळले होते.

अलिबागसारख्या वेधशाळेत आज हा मेळ कसा बसतो ते पाहण्यासारखे आहे. फ्लक्सगेट हे चपळ यंत्र. ते तीन दिशांतले चढ-उतार दर सेकंदाला सांगते, पण सांगते व्होल्टमध्ये. त्या व्होल्टचे नॅनोटेस्ला किती, हा गुणक प्रत्येक नगाचा वेगळा. शिवाय उन्हाळ्या-पावसाळ्यात ते हळूहळू सरकते. प्रोटॉन मॅग्नेटोमीटर मंद, पण इमानदार. त्यात रॉकेलसारख्या हायड्रोजनयुक्त द्रवाची बाटली असते. भोवतीच्या वेटोळ्यातून वीज सोडून ती तोडली की द्रवातले प्रोटॉन पृथ्वीच्या क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखे फिरतात. अलिबागला एकूण क्षेत्र ४३ हजार नॅनोटेस्लांच्या आसपास, तेव्हा ही फिरकी सेकंदाला सुमारे १८३० वेळा होते. ती मोजली की क्षेत्र कळले. गुणक निसर्गाचा असल्यामुळे बाटली कोणत्या कंपनीची, याने फरक पडत नाही. मात्र दिशा तिला कळत नाही.

मग सॉफ्टवेअर काय करते? चपळ यंत्राच्या तीन दिशांवरून एकूण क्षेत्राचा हिशेब मांडते आणि तो बाटलीच्या उत्तराशी ताडते. दोन्ही वेगळ्या तत्त्वांवर चालतात, म्हणून त्यांची साक्ष मोलाची. फरक स्थिर राहिला तर सगळे ठीक. फरक सरकू लागला तर सेन्सर कलला असेल, खांब पावसात बसला असेल किंवा आवाराजवळ कुणी गाडी उभी केली असेल. सरासरी काढून हा फरक पुसायचा नसतो. तोच तर निरोप असतो. वेळेची शिस्त जीपीएसकडून येते. अलिबाग १९९७ पासून ज्या ‘इंटरमॅग्नेट’ या जागतिक जाळ्यात आहे, त्याच्या नियमाने मिनिटाच्या नोंदीत पाच सेकंदांपेक्षा जास्त चूक चालत नाही आणि अंतिम आकडा पाच नॅनोटेस्लांच्या आत खरा असावा लागतो. गॉटिंगेनची वेळ, मुंबईची वेळ, प्रमाण वेळ, सगळे वाद आता जागतिक वेळेत मिटले.

हे सारे कशासाठी? १३ मार्च १९८९ रोजी अशाच वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज गेली. साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. मे २०२४ च्या वादळात लडाखच्या हानले येथून आकाश लाल झालेले दिसले. १८५९ सारखे काही पुन्हा आले तर देशाच्या वीजजाळ्याचे, उपग्रहांचे काय होईल, याचा हिशेब करणाऱ्यांना जुन्या वादळाचा खरा आकार हवा असतो. तेव्हा ते कुलाब्याच्या वह्यांपर्यंत येतात. पनवेलला १९९१ पासूनचे भूचुंबकत्वाचे जागतिक विदा केंद्र आहे. जुन्या छापील नोंदी आणि फोटोच्या रेघा संगणकात उतरवण्याचे काम त्याच्याकडे. म्हणजे हार्डवेअरच्या यादीत डब्लिनचा चुंबक आणि दुर्बिणीला लागलेला माणसाचा डोळाही धरावा लागतो, त्यांच्या गुणकांसकट, त्यांच्या चुकांसकट.

एक गोष्ट अजूनही संगणकाकडे गेलेली नाही. फ्लक्सगेटची पायारेषा ठरवायला आजही माणूस लागतो. ठरलेल्या दिवशी निरीक्षक किल्ल्या, मोबाइल आणि कमरेचा पट्टा बाहेर ठेवून निरपेक्ष मोजणीच्या खोलीत जातो. दगडी खांबावरचा लोखंडविरहित थिओडोलाइट चार वेगवेगळ्या स्थितींत फिरवतो, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या चुका एकमेकींना खोडून काढतात. प्रत्येक स्थितीचा कोन वाचतो, घड्याळ पाहतो, लिहून ठेवतो. मग तो कोन पनवेलच्या प्रोग्रॅममध्ये भरला जातो आणि मागच्या मोजणीपासूनचे सगळे आकडे त्याच्या शब्दावर थोडेसे वर किंवा खाली सरकतात.